अर्जावर पहिले नाव कोणाचे?

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत परिचयातील एका कुटुंबातले तरुण जोडपे घरी आले. सोबत दोन फायली होत्या. मूळ गाव आमगाव तालुक्यातले. नोकरीनिमित्त दोघेही नागपुरात असतात. पती यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर, वय ३६, कारखान्यातील अनुभव बारा वर्षांचा. पत्नी एम.एस्सी. नर्सिंग, वय ३१, रुग्णालयातील अनुभव पाच वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कुशल मनुष्यबळाच्या योजनेखाली कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना मिळावा, यासाठी त्यांनी एका एजंटाला बरीच रक्कम मोजून अर्ज भरला होता. मुख्य अर्जदार अर्थातच पती. वर्षभर तो अर्ज यादीत तसाच पडून राहिला आणि मुदत संपून रद्द झाला. निघताना पत्नी सहज बोलून गेली, "सर, पहिले नाव कोणाचे टाकायचे, हे आम्हांला कोणी विचारलेच नाही."

न विचारल्या गेलेल्या त्या प्रश्नावर हा लेख आहे. परदेशी जाणे चांगले की वाईट, या वादात येथे शिरावयाचे नाही. ज्यांचे जाण्याचे ठरले आहे त्या पतिपत्नींनी अर्ज कसा करावा, कोणी पुढे व्हावे आणि कोणी मागून जावे, एवढाच विषय आहे. वरवर तो कारकुनी वाटतो. वस्तुतः एका कुटुंबातील दोन माणसांच्या आयुष्याचा हिशेब त्यात गुंतलेला असतो.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकांना हा प्रश्न अपरिचित नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक दांपत्यांना विचारावे. पती सालेकशाकडे आणि पत्नी अर्जुनी-मोरगावकडे, अशी स्थिती ज्यांनी काढली आहे, त्यांना 'पती-पत्नी एकत्रीकरण' या शब्दांचे मोल सांगावयास नको. २०१७ च्या बदलीविषयक शासन निर्णयात त्यासाठी विशेष संवर्गाचा दुसरा भाग राखून ठेवला गेला आणि दोघांच्या शाळांतील अंतर ३० किलोमीटरांहून अधिक असण्याची अट घातली गेली. तेथेही प्रश्न हाच असतो : कोणी कोणाकडे यावयाचे? कोणाची शाळा, कोणाची सोय, कोणाचे आईवडील गृहीत धरावयाचे? फरक एवढाच की, चुकलेली बदली पुढच्या फेरीत दुरुस्त होण्याची आशा तरी असते. समुद्रापलीकडची चूक दुरुस्त होण्यास फार वर्षे लागतात.

गुणांचा तक्ता काय सांगतो

अर्जदारांची निवड गुण देऊन करण्याची पद्धत कॅनडाने १९६७ साली सुरू केली. वंश किंवा मूळ देश न पाहता शिक्षण, वय, भाषा व अनुभव यांना गुण द्यावयाचे, हे तिचे तत्त्व. पुढे ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये तशीच पद्धत स्वीकारली. कॅनडाने जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' या नावाने तिला नवे रूप दिले. पात्र अर्जदारांची एक यादी करावयाची, प्रत्येकाला १२०० पैकी गुण द्यावयाचे आणि वेळोवेळी वरच्या गुणांच्या लोकांना बोलवावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. विवाहित अर्जदाराच्या बाबतीत जोडीदाराच्या शिक्षणाला, भाषेला आणि कॅनडातील अनुभवाला मिळून जास्तीत जास्त ४० गुण असतात. बाकी सारी भिस्त मुख्य अर्जदारावर. म्हणूनच मुख्य अर्जदार कोण, यावर निकालाचा बराच भाग अवलंबून राहतो.

आमच्या या जोडप्याचा हिशेब २०२५ च्या तक्त्याप्रमाणे मांडून पाहू. इंग्रजीच्या परीक्षेत पती कॅनडाच्या मापनातील आठव्या पातळीला, पत्नी नवव्या पातळीला. पती मुख्य अर्जदार धरला, तर वयाचे ६५, शिक्षणाचे ११२ आणि इंग्रजीचे ८८. पत्नीच्या शिक्षणाचे १० व इंग्रजीचे २०. शिक्षण आणि अनुभव यांना भाषेची जोड मिळाल्याबद्दलचे ३८. एकूण ३३३. आता नावे उलटी करू. पत्नीच्या वयाचे ९०, शिक्षणाचे १२६, इंग्रजीचे ११६. पतीच्या शिक्षणाचे ८ व इंग्रजीचे १२. भाषेच्या जोडीचे पुरे १००. एकूण ४५२. माणसे तीच, पदव्या त्याच, घरही तेच. केवळ नावांचा क्रम बदलल्याने ११९ गुणांचा फरक पडला.

हा फरक कोठून आला, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. पहिले कारण वय. विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत पूर्ण गुण मिळतात. तिशीपासून दर वाढदिवसाला पाच गुण, चाळिशीनंतर दहा गुण कमी होत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य उरते. आपल्याकडे विवाहात पती वयाने मोठा असावा हा रिवाज. त्यामुळे पतीच्या नावाने केलेला अर्ज आरंभीच काही गुण गमावून बसतो. दुसरे कारण अनुभव. पतीची बारा वर्षे घरच्यांच्या दृष्टीने फार मोठी. परंतु या तक्त्यात परदेशातील अनुभव तीन वर्षांच्या पुढे मोजलाच जात नाही. बारा वर्षे आणि पाच वर्षे तेथे सारखीच. तिसरे कारण भाषा. आयईएलटीएस परीक्षेत आठव्या आणि नवव्या पातळीत वाचन, लेखन, संभाषण व श्रवण या प्रत्येकात केवळ अर्ध्या बँडचे अंतर आहे. पण तेवढे अंतर भरून काढले असते, तर पतीचेही ६५ गुण वाढले असते. अर्ध्या बँडसाठी दोन महिने अभ्यास करणे हे एजंटाला आणखी एक हप्ता देण्यापेक्षा निश्चित स्वस्त आहे.

४५२ गुणांनी दार उघडतेच असे नाही. अलीकडच्या काळात सर्वसाधारण फेऱ्यांची रेषा पाचशेच्या वर राहिली आहे. तथापि २०२३ पासून कॅनडाने व्यवसायानुसार वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. त्यांत आरोग्यसेवा प्रथमपासून आहे आणि २०२५ मध्ये शिक्षण क्षेत्राचीही भर पडली. परिचारिकेला मुख्य अर्जदार करण्याचा खरा लाभ येथे होता. आणखी एक गोष्ट एजंटाने सांगितली नव्हती. दोघेही पात्र असतील तर पतीने स्वतंत्र आणि पत्नीने स्वतंत्र असे दोन अर्ज यादीत ठेवता येतात. प्रत्येकात दुसऱ्याचे नाव जोडीदार म्हणून राहते. ज्याला आधी बोलावणे येईल, त्याच्या मागून दुसरा.

तक्ता निष्पक्ष, पण पाटी कोरी नाही

या तक्त्यात स्त्री-पुरुष हा रकाना नाही. या अर्थाने तो निष्पक्ष आहे. परंतु त्यात जी माहिती भरावयाची, ती आपल्या घरांतून आणि कार्यालयांतून येते, आणि तेथे निष्पक्षता नसते. मुलाच्या जन्मानंतर आईने सोडलेल्या नोकरीची तीन-चार वर्षे या तक्त्यात रिकामी दिसतात. घरकामाला शून्य गुण. अनुभव तोच मोजला जातो जो गेल्या दहा वर्षांतला, पगारी आणि लेखी पुराव्याचा असेल; आणि पात्रतेसाठी किमान एक वर्ष, आठवड्याला ३० तास या मापाने, सलग भरावे लागते. आमच्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या प्राध्यापिका पाहाव्यात. नेट-सेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या, पण आठवड्याचे मोजकेच तास आणि सत्र संपले की काम संपले. दहा वर्षे शिकवूनही या मापाने त्यांचे एक सलग वर्ष भरणे कठीण. विनाअनुदानित शाळेत रोखीने मानधन घेणाऱ्या शिक्षिकेजवळ तर नियुक्तिपत्रही नसते. गुण तिच्या अंगी असतात. कागदावर ते येत नाहीत.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कित्येक घरांत पहिले नावही बदलते. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, अनुभवाचे प्रमाणपत्र दोहोंच्या मधले! पदव्यांचे मूल्यमापन करणारी संस्था विचारते, ही व्यक्ती एकच कशावरून? मग विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी, प्रतिज्ञापत्र अशी धावपळ सुरू होते. पतीच्या कागदपत्रांत यातले काही नसते. "त्याचेच सोपे आहे, त्याच्याच नावाने भरून टाका," हा सल्ला अनेकदा येथून निघतो. चार महिन्यांची धावपळ वाचवण्यासाठी ११९ गुण सोडून दिले जातात. ज्यांचे विवाह व्हावयाचे आहेत अशा विद्यार्थिनींनी ही बाब ध्यानात ठेवावी : नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही, आणि बदललेच तर सर्व कागद एकाच वेळी बदलून घ्यावेत.

मागून जाणाऱ्याचा तोटा

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. जेकब मिन्सर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली कुटुंबांच्या स्थलांतरावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एकटा माणूस स्वतःचा लाभ पाहून जातो, कुटुंब मात्र दोघांच्या लाभ-हानीची बेरीज पाहून जाते. समजा, स्थलांतराने एकाला शंभर रुपयांचा लाभ होतो आणि दुसऱ्याला साठ रुपयांची हानी. बेरीज चाळीस रुपये लाभाची, म्हणून कुटुंब निघते. यातील दुसरी व्यक्ती एकटी असती, तर ती कधीच निघाली नसती. मिन्सरच्या परिभाषेत ती 'बांधलेली स्थलांतरित'. त्याचप्रमाणे जोडीदारासाठी चांगली संधी सोडून घरी राहिलेली व्यक्ती ही 'बांधलेली रहिवासी'. मिन्सरने दाखवले की, ही हानी बहुधा पत्नीच्या वाट्याला येते, कारण तिची कमाई आधीच कमी असते. आणि ती कमी असण्याचे एक कारण हेही असते की, पूर्वी ती कोणाच्या तरी मागून गेलेली असते.

बेरीज चाळीस रुपये झाली, एवढ्यावर समाधान मानणारे हिशेब आपण घरोघरी करतो. साठ रुपयांची हानी कोणी सोसली आणि शंभरांतून तिची भरपाई कशी व्हावयाची, हे विचारले जात नाही. माझ्या मते या विषयातला मुख्य प्रश्न हाच आहे.

या दृष्टीने पाहता सगळे देश सारखे नाहीत. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियाच्या कायम वास्तव्याच्या योजनांत मुख्य अर्जदार व जोडीदार दोघांनाही कायम वास्तव्याचा हक्क एकाच वेळी मिळतो. प्रवेशानंतर दोघेही नोकरी करू शकतात. क्रमाचे महत्त्व बहुतांशी संपते. ऑस्ट्रेलियात तर जोडीदार वय, भाषा व मान्य व्यवसाय या अटी पुऱ्या करीत असेल तर मुख्य अर्जदाराला १० गुण अधिक मिळतात. नुसते पुरेसे इंग्रजी असेल तर ५. जर्मनीने जून २०२४ पासून नोकरीच्या शोधात येणाऱ्यांसाठी 'संधीपत्र' सुरू केले. त्यात सहा गुण लागतात, आणि पती-पत्नी दोघेही पात्र असून एकत्र अर्ज करीत असतील तर एक गुण जादा मिळतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून आपल्या भागातही जर्मनीचे नाव ऐकू येऊ लागले आहे. जर्मन शिकावयाचे तर दोघांनीही शिकावे, हे त्या एका गुणापलीकडेही खरे आहे.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथे एच-१बी परवान्यावर जाणाऱ्याच्या जोडीदाराला एच-४ परवाना मिळतो, आणि त्यावर नोकरीची मुभा नव्हती. २६ मे २०१५ पासून ती काहींना मिळाली. पण मुख्य व्यक्तीचा स्थायी परवान्याचा अर्ज एका ठराविक टप्प्याला पोहोचल्यावरच. भारतात जन्मलेल्यांची रांग तेथे फार लांब आहे. म्हणजे ज्याचे नाव मागे, त्याचे आयुष्यही कित्येक वर्षे मागे राहते. संगणक अभियंता झालेल्या किती मराठी मुली न्यू जर्सीत आणि टेक्सासमध्ये पुस्तके मिटून बसल्या, हे त्यांच्या आईवडिलांना ठाऊक आहे. जेथे क्रम दाराशीच संपतो आणि जेथे तो घरात येऊन बसतो, अशा या दोन प्रकारच्या कायद्यांतला भेद अर्ज भरण्यापूर्वी कळावयास हवा.

जुना दाखला

पत्नीने पुढे व्हावे आणि पतीने मागून जावे, ही कल्पना मराठी माणसाला नवी वाटण्याचे कारण नाही. टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांनी १८८० साली एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला शिक्षण आणि आपल्याला काम मिळून दोघांना अमेरिकेत येता यावे, ही त्यांची इच्छा होती. ते जमले नाही. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जावे असे ठरले. एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. गोपाळराव नंतर तिकडे गेले. त्या काळच्या समाजाने या क्रमाबद्दल त्यांना पुष्कळ बोल लावले. गोपाळरावांचा स्वभाव, आनंदीबाईंवर त्यांनी केलेली सक्ती, यांविषयी मतभेद होऊ शकतात आणि झालेही आहेत. तथापि कोणी जावयाचे हे रिवाजावरून न ठरवता त्यांनी उद्दिष्टावरून ठरवले, एवढे मान्य करावयास हवे.

अलीकडचा दाखला केरळचा. तेथून परिचारिका अमेरिकेत गेल्या आणि त्यांच्यामागून त्यांचे पती. शीबा जॉर्ज या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कुटुंबांचा अभ्यास मांडला आहे. पत्नी मिळवती आणि पती हलक्या कामावर, अशा घरांत पुरुषांचा मान दुखावला जाई. ती उणीव ते चर्चच्या समित्यांतील पदांवरून भरून काढू पाहात. घरकाम आणि मुले सांभाळण्याचे गणितही पुन्हा मांडावे लागले. काही घरांना ते जमले, काहींना नाही. तेव्हा पत्नीचे नाव पुढे टाकले की सर्व काही सुरळीत झाले, असे समजण्याचे कारण नाही. मागून जाणारा पुरुष असला तरी हानी ही हानीच असते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, निर्णयापूर्वी दोघांच्याही नावाने गुणांचा हिशेब करावा. तक्ते सरकारी असतात, विनामूल्य असतात आणि त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही ते सोडवता येतात. नियम वारंवार बदलतात. मार्च २०२५ मध्ये कॅनडाने नोकरीच्या प्रस्तावाचे गुण एका फटक्यात काढून टाकले. म्हणून एजंटाच्या तोंडी हिशेबावर विसंबू नये. दुसरी गोष्ट, विवाह किंवा मुले लपवून गुण वाढवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. कॅनडात खोट्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी येते, आणि न दाखवलेल्या जोडीदाराला पुढे बोलावण्याचा मार्गही बंद होऊ शकतो. तिसरी गोष्ट, प्रवेशाचा परवाना आणि व्यवसायाचा परवाना या दोन भिन्न वस्तू आहेत. परिचारिकेला तेथे प्रांताच्या नियामक मंडळाची नोंदणी लागते, परीक्षा द्यावी लागते. ज्या पदवीने गुण मिळवून दिले, तिच्या जोरावर पहिल्या दिवसापासून काम मिळेलच असे नाही. मधल्या वर्षाचा खर्च कोण व कसा चालवणार, हे येथेच ठरवावे.

चौथी गोष्ट कोणत्याही तक्त्यात नाही. जो मागून जाणार, त्याच्यासाठी कुटुंब काय करणार, हे निघण्यापूर्वी स्पष्ट बोलावे. त्याच्या शिक्षणासाठी किती पैसा, किती वर्षे. मुलांना कोण पाहणार. पुढचे गाव निवडताना कोणाच्या नोकरीला अग्रक्रम. शंभरांतले साठ ज्याचे गेले, त्याला ते परत मिळण्याची काही तरी तजवीज हवी. नाही तर चाळीस रुपयांची ती बेरीज कागदावरच राहते.

ते जोडपे दोन दिवसांनी पुन्हा आले. दोघांच्या नावे स्वतंत्र अर्ज करावयाचे त्यांनी ठरवले होते. पतीने इंग्रजीची परीक्षा पुन्हा देण्यासाठी नाव नोंदवले होते. पत्नी आपल्या माहेरच्या नावाच्या पदव्या घेऊन प्रतिज्ञापत्र करावयास निघाली होती. घरी मात्र एक अडचण राहिली होती. मुलाच्या आईने विचारले होते, "म्हणजे माझा लेक सुनेच्या मागंमागं जाणार का?" यावर काय सांगावे, असा त्यांना प्रश्न पडला होता.

मी म्हटले, आईंना विचारा, त्या स्वतः लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा कोणाच्या मागून आल्या होत्या, आणि त्या वेळी त्यांना कोणी विचारले होते का? उत्तर त्यांच्याजवळ असेल. आपल्याकडे मागून जाण्याचा अनुभव असलेली माणसे प्रत्येक घरात आहेत. त्यांना कधी कोणी मत विचारलेले नाही, एवढेच.